बोटभर फट

शेगडी विझली नाही, हे त्या दुपारी त्याच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते ती विझल्यावर. पिप्, पिप्, पिप् असा तिचा तो कोरडा आवाज झाला, काचेमागची ज्योत आधी लांबुडकी, मग काळपट आणि मग दिसेनाशी झाली, आतला पंखा सवयीप्रमाणे थोडा वेळ भणभणत राहिला, आणि हातातला चहाचा कप तसाच धरून तो म्हणाला, "विझलीस का बाई." हे तो रोजच म्हणायचा. पण आज म्हणता म्हणता त्याच्या डोक्यात काहीतरी खट्कन अडकलं. आज विझायला हिनं फार वेळ लावला होता. मेहुणी आली तेव्हा त्यानं शेगडी पेटवली होती, एवढ्या लांबून आलेल्या बाईला घटकाभर तरी ऊब मिळावी म्हणून. आणि मेहुणीनं सगळे कपडे बांधले, गाडीत नेऊन भरले, मध्येच जिन्यावर बसून रडली, उठून पुन्हा कपाट उघडून बघितलं, निघते निघते म्हणत दारात उभी राहिली, तरी शेगडी चालू होती. नुसती चालू नव्हती, मजेत चालू होती. ज्योत आखूड, पिवळीधमक, नाचरी. अशी ज्योत त्यानं किती दिवसांत पाहिली नव्हती, आणि आज पाहिली तर पाहतोय हेसुद्धा कळलं नाही, कारण डोळ्यांसमोरून बायकोचे स्वेटर घराबाहेर चालले होते.

शेगडी घेतली तीच मुळी तिच्यासाठी. तिला जिना चढणं जमेना, तेव्हा वरच्या खोलीतला पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला आणि रस्त्याकडच्या खिडकीखाली ठेवला. तिला रस्ता बघायला लागायचा. समोरच्या बेकरीपुढची रांग, बसथांब्यावरची माणसं, कोण नवा कोट घालून मिरवतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं हिला पलंगावरून ठाऊक. पण खाली थंडी. विजेचा हीटर लावला की तिला कोरडा खोकला लागायचा, म्हणून ही शेगडी. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या कांड्या वरच्या टाकीत ओतायच्या. आतलं मळसूत्र फिरत फिरत त्या थोड्या थोड्या खालच्या लोखंडी वाटीत टाकतं, मागचा पंखा खोलीतलीच हवा ओढून वाटीत फुंकतो आणि धूर नळकांड्यातून बाहेर घालवतो. दुकानदार म्हणाला होता, काही बघायला लागत नाही, कांड्या ओता आणि विसरून जा. सुरुवातीला चाललीही गुण्यागोविंदानं. ती म्हणायची, "हिचा आवाज बरा वाटतो हो. घरात कुणीतरी हळू आवाजात बोलत बसल्यासारखा." मग कडाका वाढला आणि शेगडीचं काय बिनसलं कोण जाणे. पेटायची, जरा वेळ बरी चालायची, मग ज्योत जांभई दिल्यासारखी लांब व्हायची, काच काळी पडायची, आणि पिप्, पिप्, पिप्.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? वाटी खरवडली, वाटीची भोकं तारेनं मोकळी केली. राखेचा डबा दिवसातून दोनदा रिकामा करायचा. कांड्या दमट असतील म्हणून पोतीच्या पोती परत केली आणि दुसऱ्या दुकानातून आणली, तिथला माणूस म्हणाला, काका, आमच्या कांड्यांवर अजून कुणी बोट ठेवलेलं नाही. ठेवलं, ह्यानं ठेवलं. पेटवणारा हीटर बदलला. धुराचं नळकांडं उतरवून अंगणात नेऊन झटकलं, काजळी नाकातोंडात गेली आणि घरात आल्यावर ती पलंगावरून हसून हसून दमली, म्हणाली, "आरशात बघा, कोळसेवाले." शेवटी हात टेकले आणि मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक आला, पुढचं दार सताड उघडं टाकून त्यातून गाडीतल्या यंत्राची जाडजूड नळी आत घेतली, शेगडीचं पोट साफ केलं, पेटवली, आणि दोघं समोर बसून राहिले. शेगडी अशी काही चालली की बघत राहावं. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हिला काहीही झालेलं नाही." डॉक्टरसमोर पोराचा ताप उतरावा तशातली गत. मेकॅनिक नळी गुंडाळून, दार ओढून गेला आणि थोड्या वेळानं पिप्, पिप्, पिप्. त्याला अस्सा संताप आला होता की शेगडीला लाथ घालावी. पलंगावरून ती म्हणाली, "राहू द्या हो. तिचाही काही इलाज नसेल."

आता दारात उभं राहून त्याला मेकॅनिकची ती नळी पुन्हा डोळ्यांपुढं दिसली, जाडजूड, करडी, उंबऱ्यावरून आत आलेली. आणि आज मेहुणी गाठोडी घेऊन आतबाहेर करत होती. दार तेव्हाही उघडं, आजही उघडं. एवढं साधं. त्यानं कप खाली ठेवला. नाही, असं कसं, असं मनाशी म्हणाला. मनाशी म्हणतानाच त्याला कळत होतं की आपण खोटं बोलतोय. त्यानं वाटी काढली आणि खरवडायला घेतली, जिच्यात खरवडण्यासारखं काहीही नव्हतं.

कारण हे घर बंद केलं होतं त्यानं, आणि बंद करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शीतगृहातला माणूस तो. सगळा जन्म मोठमोठ्या गार खोल्यांची दारं सांभाळण्यात गेला. दाराच्या कडेची रबरी पट्टी कुठं उसवली, कुठं कडक झाली, कुठून गारवा गळतो, हे शोधायचं त्याचं काम. खिशात कायम कागदाची चिठोरी. दारात चिठोरं धरायचं, दार लावायचं आणि कागद ओढायचा. सुळकन निघाला तर पट्टी ढिली, फाटला तर पट्टी झकास. तिथले लोक त्याला फटशोधेच म्हणत, खरं नाव पगाराच्या दिवशीच निघायचं. लग्न नवं होतं तेव्हा घरातही दाराखिडक्यांत कागद धरून बघायचा आणि ती म्हणायची, "माझ्या कानात धरून बघा एकदा, तुमचं बोलणं कुठून गळतं ते कळेल." तर अशा माणसाची बायको आजारी पडली आणि म्हणाली, मला थंडी वाजते. डॉक्टरांच्या हातचं जे होतं ते ते करत होते आणि त्यातलं ह्याला ओ की ठो कळत नव्हतं. सुया, नळ्या, रिपोर्ट, ह्या बाटलीतलं जेवणाआधी आणि त्या बाटलीतलं नंतर. हॉस्पिटलच्या बाकावर हा आपला टोपी हातात धरून बसलेला. पण थंडी, थंडी ह्याला कळत होती. थंडी हे त्याचं खातं. कडाका वाढला तसं त्यानं शीतगृहातून उरलेल्या रबरी पट्ट्या आणल्या, खिडक्यांना बसवल्या, वरून रुंद टेप मारली. दाराखालीही पट्टी ठोकली. स्वयंपाकघरातला हवेचा झरोका बुजवला, जिन्याच्या तोंडाशी जाड पडदा टांगला, विजेच्या तारा भिंतीतून येतात ती भोकंसुद्धा पुट्टीनं भरली. मेणबत्ती घेऊन घरभर हिंडला, कुठं ज्योत हलते का बघत. शेवटी ज्योत कुठंच हलेना, तेव्हा पलंगापाशी येऊन म्हणाला, "आता डास आत आला तर विचारून येईल." ती हसली. त्या हसण्यावर तो कितीतरी दिवस जगला.

आणि ती म्हणाली होती, खिडकी उघडा. हे आठवू नये म्हणून तो वाटी खरवडत होता, आणि आठवायचं ते आठवलंच. केव्हा म्हणाली? पट्ट्या बसवल्या त्यानंतरच कधीतरी. संध्याकाळचे दिवे लागलेले, बाहेर बारीक बर्फ, बेकरीवाला फळ्या लावत होता. "अहो, ही खिडकी जरा उघडता का? बोटभर. कोंडल्यासारखं होतंय."

"वेडी आहेस का? बाहेर बर्फ पडतंय."

"बोटभरच."

"बोटभरातून सगळं घर गार होतं. मला सांगतेस होय? जन्म गेला माझा त्यात." आणि पांघरूण तिच्या गळ्यापर्यंत ओढलं होतं, पायाशी गरम पाण्याची पिशवी सारली होती. मग आणखी एकदा म्हणाली. त्या वेळी शेगडी नुकतीच विझली होती आणि तो शेगडीपुढे गुडघे टेकून बसला होता, घायकुतीला आलेला. तो नुसता मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं देव जाणे, पण तीच म्हणाली, "बरं बरं, राहिलं." त्यानंतर खिडकीचं नाव तिनं काढलं नाही. त्याला वाटलं, पटलं हिला. पटायलाच हवं होतं, एवढा त्यातला जाणकार माणूस घरात असताना. रोज घरी आल्यावर तो कोट न काढताच तिचे पाय हातात घेऊन बसायचा. गार पडलेले असायचे. चोळून चोळून ऊब आणायची आणि म्हणायचं, उद्या शेगडी होते बघ नीट. ती म्हणायची, होईल.

गेली तेव्हाही शेगडी विझलेलीच होती. रविवारची दुपार, तो शेगडीपुढं बसलेला, पलंगाकडं पाठ. वाटी काढली, झटकली, बसवली, बटण दाबलं, हीटर लाल व्हायची वाट बघत बसला. "आता पेटेल हं," असं म्हणाला. मागून काही उत्तर आलं नाही, तर वाटलं डोळा लागला असेल. आत पहिली कांडी धुमसली, ज्योत धरली, आणि "बघ," असं म्हणत तो वळला. बस्स, एवढंच. लोक आले, लोक गेले. सगळ्यांनी एकच सांगितलं, तुम्ही तिला फुलासारखं जपलंत, तिला काही कमी पडू दिलं नाहीत. मेहुणी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून." हा कुणाला उलट बोलला नाही, पण मनातल्या मनात दर वेळी एक पुस्ती जोडायचा, शेगडीनं दगा दिला, मी नाही. त्या एका वाक्यावर त्याचं सकाळी उठणं, दाढी करणं, कामावर जाणं चाललेलं होतं. शेगडीत काहीतरी बिघाड होता. तो सापडायला हवा होता. लोक म्हणाले, आता कशाला, विकून टाका. त्यांना काय सांगणार? तो बिघाड सापडला की हातात धरून कुणाला तरी दाखवायचा होता, हे बघा, हा होता, मी नव्हतो. म्हणून ती गेल्यावरही तो रोज शेगडी पेटवत होता, रोज ती विझत होती, आणि विझली की त्याला, आता हे कसं सांगावं, जरासं बरंच वाटायचं.

मेहुणी आज निघताना खिडकीपाशी उभी राहिली होती. टेपवरून बोट फिरवत म्हणाली, "भाऊजी, हे अजून काढलं नाहीत." तो म्हणाला, राहिलंय खरं. ती आणखी काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं आणि मिटलं, मग म्हणाली, "जेवता ना वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, नेहमीपेक्षा लवकर गेला, कारण घरात शेगडी होती. शीतगृहात एक बरं असतं. तिथं गार असणं हे दुःख नाही, काम आहे. माणसं जाड कोट घालून खोकी हलवत असतात, तोंडातून वाफा काढत एकमेकांना शिव्या घालत असतात. चिठोऱ्यांवर दारं तपासत तो दुपारपर्यंत हिंडला. मग मागच्या खोलीकडून आरडाओरडा ऐकू आला. गाडीवाला दाराच्या कडीला दोन्ही हातांनी लोंबकळत होता आणि दार जागचं हलत नव्हतं. "फटशोधे, नाक चोंदलंय बघा हिचं," तो ओरडला. ह्यानं शिडी ओढली.

आता प्रत्येक गार खोलीच्या भिंतीत, वर कोपऱ्यात, एक लहानशी झडप असते. सगळे तिला नाक म्हणतात, आणि तसं म्हणायला ह्यानंच शिकवलं होतं सगळ्यांना. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत शिरते, दार लावलं की ती गार होऊन आक्रसते, आणि खोली दाराला आतून ओढून धरते. नाकातून थोडी हवा आत आली तरच दार सुटतं. नाकावर बर्फ धरला की मग पैलवान आणा नाहीतर बैल आणा, दार उघडायचं नाही. नवीन माणूस कामावर आला की हा त्याला पहिल्या दिवशी त्या झडपेखाली उभं करून सांगायचा, पट्टी कितीही घट्ट बसव, शंभर टक्के बसव, पण नाक उघडं ठेव. श्वास कोंडला की खोली कामातून गेली. हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती. आणि घरी जाऊन, मेणबत्ती हातात घेऊन, एकेक नाक शोधून त्यानं ते बुजवलं होतं. स्वयंपाकघरातला झरोका बुजवताना हे कसं आठवलं नाही? तारांची भोकं भरताना? तिथं खोल्यांमध्ये गोठवलेला माल असतो, इथं खोलीत माणूस होतं, एवढाच फरक. मालाच्या खोलीला नाक ठेवलं आणि बायकोच्या खोलीला नाही.

तो शिडीवर चढला, झडपेवरचा बर्फ हातोडीच्या दांड्यानं फोडला. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होऊन हवा आत गेली आणि दार सुटलं. गाडीवाला म्हणाला, "ह्याला म्हणतात हात." हा शिडीवरच उभा राहिला. खालून कुणीतरी विचारलं, काका, बरं नाही का. तो म्हणाला, डोळ्यात बर्फ गेला.

घरी आला तेव्हा उजेड होता अजून. कोट न काढता खोलीत उभा राहिला. पलंग हॉस्पिटलवाल्यांच्या संस्थेला देऊन टाकला होता, खिडकीखाली त्याच्या पायांचे चार ठसे तेवढे फरशीवर उरलेले. खरं म्हणजे आता करायचं काहीच नव्हतं. कळायचं ते कळलं होतं. पण आपल्या धंद्यात कळलंय असं वाटणं आणि तपासून बघणं ह्यात फरक असतो, आणि त्या फरकाला तो आता बुडत्या माणसासारखा धरून होता. खिडकी उघडायची, शेगडी पेटवायची, वाट बघायची. विझली, तर दोष शेगडीचा. उद्यापासून पुन्हा वाटी, मळसूत्र, नळकांडं. नाही विझली, तर. किंवा उघडायचीच नाही. हाही एक मार्ग होता. कोण विचारणार होतं? शेगडी विकून टाकायची, टेप तशीच ठेवायची, सगळे म्हणतात त्याला मान डोलवायची, फुलासारखं जपलं म्हणून. घरात तो एकटा. हे त्याच्याशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग त्याला तिचा तो आवाज आठवला, बोटभरच, आणि वाटलं की निदान तिनं मागितलेली एक गोष्ट तरी द्यावी, उशिरा का होईना. नखानं त्यानं टेपचं टोक उचललं.

टेप सहजासहजी निघेना. त्यानंच लावलेली, निघेल कशी? चर्र चर्र करत, रंगाचे पापुद्रे घेऊन ती निघाली. खाली रबरी पट्टी, इतकी नेटकी बसलेली की त्याही अवस्थेत त्याला जरासं कौतुक वाटलं आणि पाठोपाठ त्या कौतुकाची किळस आली. पट्टी ओढून काढली. खिडकी अडली, मग करकरली, मग सरकली. त्यानं बोट आडवं धरून माप घेतलं, बरोबर बोटभर. हवा आली. बर्फाचा, बेकरीचा, रस्त्यावरच्या धुराचा वास आला. बसथांब्यावर एक बाई कुणाला तरी मोठमोठ्यानं फोनवर झापत होती, आणि तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. पलंगावर पडल्या पडल्या बायकोला नुसती तोंडं हलताना दिसत असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. काचेमागची माणसं. ती त्यांची बोलणी मनानंच रचून त्याला सांगत होती.

शेगडी पेटवली. हीटर लाल झाला, कांडी धुमसली, ज्योत धरली. तो समोर खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यांदाच, मनापासून, ती विझावी म्हणून वाट बघू लागला. विझ बाई, तुझ्या पाया पडतो, विझ. नेहमी विझायची ती वेळ आली. ज्योत लांब झाली नाही. काच काळी पडली नाही. आखूड, पिवळीधमक, वाटीत उड्या मारणारी ज्योत. वेळ टळून गेली. त्यानं चहा केला, प्याला नाही. बेकरीवाल्यानं फळ्या लावल्या. खोली हळूहळू उबदार झाली, आधी गुडघे, मग हात, मग चेहरा, आणि कोटात त्याला चक्क घाम आला. खिडकी उघडी आणि खोली गरम. त्या शेगडीत कधीच काही बिघडलं नव्हतं. धूर घरात फिरू नये म्हणून, हवा कमी पडली की ती आपणहून बंद होत होती, वागायचं तशीच वागत होती. खिडकी बोटभर उघडली असती तर ती चालली असती, बायकोचे पाय गरम राहिले असते, त्याला तिच्याकडं पाठ करून शेगडीपुढं बसावं लागलं नसतं, आणि त्या रविवारी तो तिच्याकडं तोंड करून बसला असता. एवढं सगळं त्या बोटभर फटीत होतं. तो कोट काढायला उठला आणि एक बाही काढून तसाच बसून राहिला.

फोन वाजला. मेहुणी होती. "भाऊजी, पोचले मी. कपडे लावून ठेवले. ताईचा तो निळा स्वेटर मी माझ्याकडे ठेवला तर चालेल ना?"

"चालेल गं. तुझाच आहे."

"आवाज कसला येतोय? शेगडी चालू आहे?"

"चालू आहे."

"अरे वा. काय झालं होतं हो शेवटी?"

तो म्हणाला, "काही नाही. खिडकी उघडायची होती."

त्याला वाटलं, आता म्हणेल, एवढंच? ती म्हणाली नाही. नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "भाऊजी, काल सांगणार होते. तोंडाशी आलं होतं अगदी."

"काय?"

"ताई मला फोनवर म्हणायची, कोंडतंय म्हणून. मी म्हटलं, मी सांगते भाऊजींना. तर अशी चिडली माझ्यावर. म्हणाली, खबरदार काही बोललीस तर. म्हणाली, ह्या आजारात ह्यांना काही म्हणजे काही करता येत नाहीय. हे एवढं एक येतंय, तर मन लावून करतायत. खिडकीचं नाव काढलं की ह्यांचं तोंड उतरतं. एक वेळ मला कोंडलेलं परवडलं, पण ह्यांचं उतरलेलं तोंड नाही बघवत." मेहुणी थांबली. "मला काय माहीत हो, शेगडी त्यानंच विझते म्हणून. तिला तरी कुठं माहीत होतं?"

"नाही. कुणालाच माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी नीट निघाला. "जेवलीस का तू?"

"जेवते आता. तुम्ही?"

"जेवतो."

फोन ठेवला आणि तो रडला. ती गेल्यापासून लोकांसमोर रडला होता तसा नाही, पोट धरून, लहान मुलासारखा, आवाज रस्त्यावर जाईल ह्याची पर्वा न करता. आणि जात असणारच, खिडकी उघडी होती. तिला कोंडत होतं आणि ते ती कशासाठी सोसत होती हे त्याला आता कुणी सांगायला नको होतं. तो तिला जपत होता, ती त्याला जपत होती, आणि दोघांच्या मधोमध ती शेगडी रोज विझत होती. रडणं ओसरल्यावर त्यानं खुर्ची उचलली आणि खिडकीखाली, पलंगाच्या चार ठशांच्या मध्ये नेऊन ठेवली. तिथं बसलं की मानेवर बाहेरचा गार वारा लागत होता आणि गुडघ्यांवर शेगडीची ऊब. बसथांब्यावर आता दुसरी माणसं होती. त्यानं फटीत बोट घातलं आणि तसंच राहू दिलं.

"उघडली गं," तो म्हणाला.

शेगडी चालूच होती.